सात नंबरचा खिळा

४ फेब्रुवारी, मंगळवार

परांची चढली एकदाची! तीन महिने नुसत्या बैठका. आता आमच्या फायर स्टेशनच्या रस्त्याकडच्या भिंतीवर खरंच चित्र होणार, आणि त्यात हे असणार. जाऊन अकरा वर्षं झाली ह्यांना. भिंत आपली तशीच, पोपडे आलेली.

कल्पना भाऊजींची. "वहिनी, मार्चअखेर मी निवृत्त होतो. त्याआधी तो भिंतीवर उभा राहिलेला बघायचाय मला." भाऊजी म्हणजे ह्यांचे जिवलग, आता आमचे स्टेशनप्रमुख. बाकीचे त्यांना साहेब म्हणतात. मला जमत नाही. दर रविवारी जो माणूस माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहात बिस्कीट बुडवतो – आणि दर वेळी ते बुडून जातं – त्याला साहेब कोणत्या तोंडाने म्हणायचं?

चित्र काढणारी एक पोरगी आहे. केस कानाच्या वर, पँटवर सतरा रंग. मी तिचं नाव ठेवलं रंगवाली. सकाळी वर चढली ती तीनपर्यंत उतरली नाही. दोन बिस्किटं आणि पाण्याच्या बाटलीवर माणूस जगतं म्हणजे कमाल आहे.

६ फेब्रुवारी

रंगवाली कंट्रोल रूममध्ये आली. फोन कमी होते म्हणून बसू दिलं. "काकू, काका कसे होते?"

कसे होते! उंच होते. हट्टी होते. दाढी करताना शीळ घालायचे आणि कापून घ्यायचे. माझं बोलणं ह्या कानाने घेऊन त्या कानाने सोडायचे. एकोणीस वर्षांच्या संसारात माझं एकच ऐकलं. धाकटा – माझा भाऊ – इथे नोकरीला लागला तेव्हा मी म्हटलं होतं, "त्याला आगीत नेऊ नका. बाहेरचं काही काम द्या." हसले. पण ऐकलं. एकदाही आत नेलं नाही त्याला. आता तो बंब चालवतो, आणि माझा भाऊ म्हणून सांगत नाही, त्याच्यासारखा ड्रायव्हर इथे दुसरा नाही.

पोरीला फळ्याचं फार कौतुक. बंबाच्या दारावर अडकवायचा फळा, सात खिळे. प्रत्येक जवानाचा पितळी बिल्ला, त्यावर त्याचा नंबर. आत जाताना बिल्ला आपल्या हाताने खिळ्यावर लावायचा, बाहेर आलं की आपल्याच हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. फळ्यापाशी एक जण कायम उभा असतो, तो आत जात नाही, फक्त वेळा लिहितो आणि बघतो. बिल्ल्याला हात त्यानेही लावायचा नाही. खिळ्यावर बिल्ला आहे म्हणजे माणूस आत आहे. तो आणल्याशिवाय कुणी मागे सरकत नाही.

"काकांचा नंबर?" सात. शेवटचा खिळा. भाऊजींचा चार. मला नंबर नाही, मी फोन उचलते.

७ फेब्रुवारी

एका बाईंचा फोन. पोपट झाडावर जाऊन बसलाय, बंब पाठवा. म्हटलं, बाई, पोपट आहे तो, उडतो. "पण तो घाबरलाय हो!" शेवटी धाकटा शिडी घेऊन गेला. पोपट उडून गेला, धाकटा झाडावर राहिला. स्टेशनभर हसणं.

९ फेब्रुवारी, रविवार

नेहमीची बैठक. भाऊजी स्टुलावर, धाकटा ओट्याला टेकून. चित्र कुणाकुणाला आवडणार नाही याची यादी झाली. पडदा कुणी ओढायचा? भाऊजी म्हणाले, "वहिनींनी. दुसरं कोण?" तेवीस मार्चला, हे गेले त्याच तारखेला.

हे गेले तेव्हा बरेच लोक आले. दहा-बारा दिवसांनी सगळे पांगले. उरली ही दोन माणसं. भाऊजींनीच साहेबलोकांच्या मागे लागून मला इथली नोकरी मिळवून दिली, पहिला आठवडा शेजारी बसून फोनची नोंद कशी करायची ते शिकवलं. घाईत लिहिलेलं मलाच वाचता यायचं नाही. "हळू लिहा वहिनी. आग थांबत नाही, पण अक्षर लागलं पाहिजे."

१२ फेब्रुवारी

रंगवालीला फोटो सापडला! त्या दिवसाचा. जळालेल्या गोदामासमोरच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात, त्यांनी गॅलरीतून काढलेला. पोरीने मोबाइलवर दाखवला. धूर, बंबाचा लाल दरवाजा, त्यावर अडकवलेला फळा, कुणाची तरी पाठ अर्धी धुरात. हे नाहीत त्यात. हे आत होते तेव्हा.

"मागे हा फोटो आणि पुढे काका, असं काढते," म्हणाली. मी मान हलवली.

१५ फेब्रुवारी

मन थाऱ्यावर नाही. जमेल तसं लिहिते.

दुपारी चहा द्यायला गेले तर तिने फोटोची मोठी प्रत परांचीला लावलेली. चटईएवढी. मी आपली सवयीने शेवटचा खिळा बघितला.

रिकामा.

म्हटलं फोटो कधीचा? छत पडल्यानंतरचा असेल. तिने कोपऱ्यातली वेळ दाखवली. अकरा वीस. छत पडलं अकरा चौतीसला. ती वेळ मला माझ्या जन्मतारखेसारखी पाठ आहे, कागदोपत्री तीच आहे. मग अकरा वीसला हे आत आणि ह्यांचा बिल्ला खिळ्यावर नाही, हे कसं?

आणि दुसरं. बिल्ला मागितला होता मी तेव्हा, आठवण म्हणून. "आगीत गेला, वहिनी." फळा तर बाहेर होता. बाहेरचा बिल्ला आगीत जातोच कसा? अकरा वर्षं हा प्रश्न मला पडला नाही. काय म्हणावं मला!

१६ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. कप हातात द्यायच्या आधीच विचारलं.

भाऊजी स्टुलावर बसले. मग एकेक वाक्य. "फळ्यावर मी होतो." "बाहेर पडायची शिट्टी झाली, धुरातून एक जण बाहेर आला. तोंडावर मास्क. उंची तेवढीच." "तोच आहे असं वाटलं. सातचा बिल्ला मी काढला." "मग सगळे बाहेर असं सांगितलं. आम्ही मागे हटलो."

चौदा मिनिटं. चौदा मिनिटं हे आत होते आणि बाहेर सगळे मागे हटून उभे!

"एका क्षणात झालं, वहिनी, कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही." ह्या एका वाक्यावर मी अकरा वर्षं काढली. रात्री उठून बसायचे, स्वतःला तेच वाक्य सांगायचे आणि पुन्हा आडवी व्हायचे. ते वाक्य खोटं. ते वाक्य रचलं कुणी, तर ह्या स्टुलावर बसणाऱ्याने.

ओरडले मी. शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, ऐकू दे. का नाही सांगितलं? तर म्हणतात, "एक गेला होता. अजून एक घालवायचं नव्हतं." म्हणजे स्वतःला! स्वतःची कातडी वाचवली आणि वर उपकार माझ्यावर. ह्यांचा बिल्ला कुठे आहे? "माझ्याकडे नाही." तेही खोटंच असणार.

धाकटा सगळा वेळ पाठमोरा उभा, कप धुवत. एकच कप. किती वेळ धुवायचा एक कप? त्यालाही धक्का बसला असणार बिचाऱ्याला. त्याला तर त्या दिवशी कोपऱ्यावरचा पाण्याचा नळ उघडायला पाठवलं होतं.

स्टूल गॅलरीत नेऊन टाकलं.

१७ फेब्रुवारी

रजा.

१८ फेब्रुवारी

रजा. धाकटा ब्रेड आणि दूध ठेवून गेला. आत नाही आला.

२० फेब्रुवारी

कामावर गेले. त्यांच्या खोलीवरून जावंच लागतं. दार उघडं होतं, मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. पूर्वी चष्म्यावरून बघून हात करायचे.

सगळं आठवतंय आणि सगळ्याला आता दुसरा वास येतोय. गळका नळ दुरुस्त करायला आले होते ते. धाकट्याच्या लग्नात मांडवाच्या दाराशी उभे राहून पाहुण्यांना हवं नको बघितलं ते. मी आजारी असताना रोज संध्याकाळी औषध आणून दिलं ते. माया होती की हप्ते फेडत होते? केसाने गळा कापला म्हणतात तो असा. कापताना दुखत नाही. अकरा वर्षांनी मानेला हात लावला की कळतं.

जुन्या लोकांना ठाऊक असणार. त्या दिवशी बंबावर सहा जण होते – हे, भाऊजी, धाकटा, म्हातारा ड्रायव्हर आणि आणखी दोघं. म्हातारा वारला. त्या दोघांची बदली झाली, पण दर वर्षी तेवीस मार्चला फोन करतात. "कशा आहात वहिनी?" मी काय, "बरी आहे" म्हणत असे. मूर्ख बाई.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुणी आलं नाही. एकटीचा चहा केला आणि ओतून दिला.

२४ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. मुख्यालयाला. तीन वेळा फाडलं, चौथ्यांदा साधं लिहिलं: नाव, तारीख, वेळ, बिल्ला, फोटोची प्रत, त्यांनी स्वतः दिलेली कबुली. चौकशी व्हावी. माझं अक्षर लागतं – त्यांनीच लावलेलं वळण.

धाकट्याला म्हटलं, मला मुख्यालयात सोड. पोस्टावर विश्वास नाही, हातानेच देते. तो गाडीची किल्ली फिरवत उभा. "ताई, एक सांगू?" मी म्हटलं, त्यांची बाजू घेणार असशील तर तोंड उघडू नकोस. किल्ली मुठीत धरली. मग म्हणाला, "नाही, काही नाही. चल, गाडी काढतो."

मागे बसले. चौकात सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवेना, मागून हॉर्न. त्याच्या खांद्यावर हात ठेवला मी. म्हटलं, तू आहेस म्हणून मी उभी आहे रे. पत्र दिलं, शिक्का घेतला, परत आलो.

१ मार्च

भाऊजी दारात. आत घेतलं नाही.

"माझ्याबद्दल काय हवं ते करा. चित्रातून फळा तेवढा काढायला सांगा." मी म्हटलं, का? लोक बघतील म्हणून लाज वाटते? "माझी लाज नाही वहिनी. ऐका माझं. खाली माझं नाव लिहा हवं तर, काय केलं तेही लिहा. पण फळा नको." दाराच्या चौकटीला हात धरून उभे होते. असं गयावया करताना त्यांना कधी बघितलं नव्हतं. माझं काळीज एरवी लोण्याचं. आज नाही.

दार लावलं.

४ मार्च

रंगवाली गोंधळलेली. साहेब म्हणतात फळ्याच्या जागी धूर काढ. काय करू, काकू?

म्हटलं, फोटोत आहे तसं. एक खिळा इकडचा तिकडे करायचा नाही. रिकामा तर रिकामा. रस्त्याने जाणाऱ्या पोराटोरांनीही विचारलं पाहिजे, हा का रिकामा? "बरं. पण फळा बारीक काम आहे, सगळ्यात शेवटी करते. आकडे मोठी प्रत बघून घालीन." घाल बाई. हुबेहूब घाल.

१० मार्च

मुख्यालयातून दोघे आले. एक जाडा, एक खोकणारा. मला अर्धा तास, भाऊजींना दहा मिनिटं. त्यांनी काही वाद घातलाच नाही म्हणे. लिहून दिलं: फळ्यावर मी होतो, चूक माझी. संध्याकाळी आदेश आला. कामावरून दूर, चौकशी होईपर्यंत स्टेशनात पाऊल टाकायचं नाही. निवृत्तीला एकवीस दिवस राहिले होते.

इथली रीत अशी की शेवटच्या दिवशी सगळे मिळून बंब धुतात आणि निवृत्त होणाऱ्याला त्याचा बिल्ला देतात, घरी न्यायला. भाऊजी जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. खिशातून बिल्ला काढून नोंदवहीवर ठेवला. चार नंबर. "जमा करून घ्या." एवढंच. पितळ घासून घासून आकडा पुसट झालाय.

ड्रॉवरमध्ये टाकला. जिंकले मी. मग ड्रॉवर पुन्हा उघडून का बघितला?

११ मार्च

सहीला नोंदवही कुणाच्या हातात दिली तर घेतात, सही करतात, ठेवतात. चहा येतो, पण आणणारा कप जरा लांबच ठेवतो. ठेवा. माझा माणूस गेला, तुमचा साहेब फक्त घरी गेलाय.

१४ मार्च

काही नाही. सहा फोन. एकाला गॅस सिलिंडर हवा होता.

१६ मार्च, रविवार

धाकटा आला नाही. "गाडीचं काम आहे." मागच्या रविवारीही गाडीचंच काम होतं. भावजयीला फोन केला तर म्हणाली, जेवत नाहीत नीट, विचारलं तर अंगावर येतात. मनाला लावून घेतलंय त्याने. भाऊजी त्यालाही थोरल्या भावासारखे होते, मीच विसरले. दोघांनाही एकाच माणसाने फसवलं.

गॅलरीतलं स्टूल पुसलं. आत नाही आणलं.

१९ मार्च

हे पूर्ण झाले.

रंगवालीने मला परांचीवर चढवलं. ह्या वयात! दोघींनी एकमेकींना धरून. ह्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर, केवढा मोठा, एकेक डोळा ताटाएवढा. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची खूण आहे. मी सांगितलं होतं तिला, तिने काढली. हात लावला, बोटाला रंग लागला. पोरगी दुसरीकडे बघत राहिली, शहाणी आहे.

मी ह्यांना विचारलं, त्या चौदा मिनिटांत काय करत होता हो? येतील आपली माणसं न्यायला, असंच वाटत असेल ना?

खूप रडले.

२२ मार्च, शनिवार

फळा काल पुरा झाला म्हणे. पण पडदा चढलाय, उद्यापर्यंत दिसायचा नाही. "काकू, एकही खिळा चुकवलेला नाही," रंगवाली म्हणाली.

धाकटा म्हणतो, मी उद्या येत नाही, डोकं दुखतंय. दटावलं. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तुझी. तुझ्याशिवाय कोण आहे रे मला? मग म्हणाला, "येतो."

२३ मार्च, रविवार

पडदा ओढला. आधी सातचा खिळा बघितला. रिकामा. टाळ्या चालू होत्या. मग पहिल्यांदाच बाकीचे खिळे बघितले.

तीन बिल्ले लटकताहेत. दोन, चार, पाच.

चार. अकरा वीसला भाऊजी आत होते. आत असलेला माणूस फळ्यावर उभा नसतो. इतके दिवस तो फोटो माझ्यासमोर होता आणि मी फक्त सात बघत बसले. हे धरून सहातले चौघे आत, म्हातारा पंपावर. राहिला एक.

मागे वळले. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. खुर्चीवर पितळी बिल्ला. सात नंबर.

"बाहेरचं काही काम द्या त्याला," मीच म्हटलं होतं. ह्यांनी ऐकलं.